दोघांनी पाहिलेला पक्षी

रशीदभाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लोणी काळभोरच्या अलीकडे नदीकाठी उभा होतो. थंडीची बदकं उतरायला लागली होती. "काका, अब्बू गेले," त्यांची मुलगी म्हणाली, "दुपारच्या नमाजनंतर नेणार आहोत." फोन खिशात ठेवला आणि समोर चक्रवाकांची जोडी पाण्यावर आली. सवयीने मी शेजारी वळून म्हणालो, "दिसली का?" ... मग माझी मलाच लाज वाटली आणि रडू आलं.

मार्केट यार्डात त्यांची गुळाची आडत. मी बँकेतला कारकून. पक्ष्यांपायी मैत्री जुळली आणि तीस-एक वर्षं टिकली. आमचा नियम त्यांनीच घालून दिलेला : दोघांनी पाहिला तरच पक्षी पाहिला. "यार्डात एकट्याने ऐकलेला भाव धरत नाहीत कुलकर्णी, पक्षी कसा धरायचा?" एकदा मी एकट्याने पाहिलेल्या घुबडाचं वर्णन रंगवून सांगितलं, तर म्हणाले, "छान. गोष्टी लिहीत जा."

दर हिवाळ्यात आम्ही उत्तरेला, कुमाऊंच्या पायथ्याच्या जंगलात जायचो. हत्ती दिसले, धुक्यातून रस्ता ओलांडणारी वाघीणही दिसली. आयबिसबिल मात्र कधीच नाही. नदीतल्या गोट्यांत गोट्यासारखाच राखाडी उभा राहणारा हा पक्षी. चोच तेवढी लाल, बाकदार. रशीदभाईंनी त्याचा ध्यास घेतला होता, कारण साखरेने त्यांचे डोळे पोखरत आणले होते आणि मुदत थोडी होती.

गेल्या हिवाळ्यात तिथे मी तापाने खोलीतच पडलो. ते गाईडबरोबर नदीवर गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय दिसलं? "काही नाही. तुम्ही नव्हता." गाईडच उत्साहाने म्हणाला, साहेबांना आयबिसबिल दिसला! मी अंथरुणात उठून बसलो. पण रशीदभाई ढिम्म. "तो पगारी माणूस. नाही म्हणेल का? आपण दोघं बघू, मग धरू." पुढचे दिवस आम्ही त्या गोट्यांवर गारठत बसलो. धुकं हललं नाही, पक्षी आला नाही. येताना गाडीत ते म्हणाले, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षाची तिकिटंही काढली. पावसाळ्यात डावा डोळा गेला, मग मूत्रपिंडं. दवाखान्यातही त्यांनी तिकिटं रद्द करू दिली नाहीत.

चाळिसावं झाल्यावर भाभींना भेटायला गेलो. धीर द्यावा म्हणून म्हणालो, "निदान तो पक्षी त्यांना दिसला तरी."

"नाही हो भाऊ," त्या म्हणाल्या. "काहीतरी राखाडी हललं, एवढंच. गाईड म्हणाला तोच आहे. मला म्हणाले, कुलकर्णी बघेल तेव्हा खरं कळेल. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. डोळे इतके गेलेत कळलं, तर तुम्ही नेणार नाही, ही भीती."

खरंच नेलं नसतं मी.

निघताना भाभींनी रशीदभाईंची दुर्बीण माझ्या हातात दिली. खाली उतरल्यावर रस्त्यातच डोळ्याला लावली. समोरचं झाड, दुकानं, माणसं, सगळा राखाडी चिखल. फोकसचं चाक टोकाला जाऊन थांबलेलं. त्यापुढे ते फिरतच नाही. आता ती माझ्या टेबलावर असते. चाक मागे फिरवलं की मला लख्ख दिसेल, हे ठाऊक आहे... अजून फिरवलेलं नाही.