जत्रेआधीचा आकाशपाळणा

खालापूरच्या माळावर झालेल्या त्या मोठ्या पार्कात कसं जायचं, असं आठवड्यातून एकदा तरी मला कुणीतरी विचारतं. मी इकडचीच, म्हणजे मला ठाऊक असणारच, असा लोकांचा समज. सांगते ना. कर्जतहून खोपोलीची गाडी धरा, पण वेळापत्रक आधी बघून ठेवा, कारण एक गाडी चुकली की पुढचीसाठी बराच वेळ बाकावर बसावं लागतं. स्टेशनवर वडा खाऊन घ्या. खोपोलीहून पुढं रिक्षा मिळते. आत डबा नेऊ देतात की नाही ते मात्र मला विचारू नका. मी आत कधी गेलेलीच नाही. का गेले नाही, तेच आज लिहायला बसले आहे, आणि त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर सत्तरचं दशक संपता संपताच्या एका रविवारी, जानेवारीतल्या थंडीत, आमच्या कडाव गावाहून निघावं लागेल.

तेव्हा पार्क-बीर्क काही नव्हतं आमच्याकडं. होता तो एक आकाशपाळणा, तोही वर्षातून एकदा, शिळफाट्याजवळच्या मैदानावर जत्रा भरायची तेव्हा. मी आणि गुलाब शेजारणी, घराला घर लागून. चौथीत असताना वर्गातली एक मुलगी जत्रेला जाऊन आली आणि तिनं त्या पाळण्याच्या अशा काही गप्पा मारल्या की आमची झोपच उडाली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आम्ही दोघींनी विद्येची शपथ घेतली: पहिल्यांदा बसायचं ते दोघींनी मिळूनच. एकीनं एकटीनं बसायचं नाही.

त्याला दहा-बारा वर्षं झाली. गुलाब सातवीनंतर घरच्या भातशेतीत रमली. मी मॅट्रिक होऊन कर्जतला एका वकिलांच्या कचेरीत टायपिस्ट झाले. आणि मग गुलाबचं लग्न ठरलं. मुलगा मुरबाडकडचा, घरात तीन दीर, दारात आठ गुरं, लग्न फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या घरातून तिला माहेरी यायलाच चार जणांचा होकार लागणार होता, पाळण्यात बसायला कोण धाडतंय? बसायचं तर लग्नाआधी, नाहीतर कधीच नाही.

आणि मला तर ही सहल करायलाच हवी होती. सांगायला लाज वाटते, पण लिहायलाच बसले तर लपवून काय उपयोग? आदल्याच वर्षी मी शपथ मोडली होती. खोपोलीला मावशीकडं गेले होते, मावसबहिणी निघाल्या जत्रेला. "चल गं, काय बावळटासारखी खाली उभी राहतेस!" म्हणाल्या, आणि मी बसले. चांगली दोनदा बसले. गुलाबला सांगितलं नाही. वर्षभर तिच्या घरी गेले की काकू प्रेमानं ताटात भाकरी वाढायच्या आणि मी ती अर्धी टाकून काहीतरी निमित्तानं उठायचे.

म्हणून प्लॅन मीच केला. जत्रा सव्वीस जानेवारीच्या आदल्या रविवारी असते हे मला पक्कं ठाऊक होतं. (कसं ते तुम्हाला कळलंच.) वकीलसाहेब बाहेर गेलेले बघून मी सगळा बेत टाइप केला. कडावहून पहिली एसटी, कर्जतला वडा, खोपोलीची गाडी, शिळफाट्यापर्यंत चालत, पाळणा तीन वेळा, भेळ, परत. मधे कार्बन घालून दोन प्रती काढल्या. एक गुलाबला नेऊन दिली. तिनं बोट फिरवत फिरवत वाचली आणि तारखेवर येऊन बोट थांबवलं.

"रविवार कसा ठाव तुला?" ती म्हणाली.

"ऑफिसात कुणीतरी म्हणत होतं."

"बरं," म्हणाली आणि कागदाची घडी घालून डब्यात ठेवली.

पुढचे दोन दिवस ती दिसली नाही. ताप असेल म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून आली आणि म्हणाली, "जाऊ या."

घरी सांगितलं की लग्नाच्या ब्लाउजांना मॅचिंग कापड आणायला खोपोलीला जातोय. दोन तरण्या पोरी नुसत्या पाळण्यासाठी निघाल्यात असं सांगितलं असतं तर दोघींचेही बाप दारात आडवे पडले असते. काकू मात्र तांदूळ पाखडता पाखडता थांबल्या.

"पौषात कसली गं लग्नाची खरेदी?"

"काकू, दुकानदाराला पौष नसतो," मी म्हटलं. मला वाटलं, काय फक्कड उत्तर दिलं!

"जाऊ दे ना गं आये," गुलाब घाईघाईनं म्हणाली आणि मला ढकलतच बाहेर घेऊन आली.

कर्जतपर्यंत सगळं माझ्या कागदाबरहुकूम झालं. एसटी वेळेवर, वडा गरम. खोपोलीच्या गाडीत रविवारची सामसूम होती, अख्खा बाक आम्हा दोघींना. डोंगर जवळ जवळ येत होते. कापून झालेल्या भाताच्या खाचरांतून वालाच्या हिरव्या पट्ट्या दिसत होत्या. समोर एक म्हातारी वालाच्या शेंगांची पाटी घेऊन बसली होती.

"कुटं निघाल्या गं पोरीनू?"

"जत्रेला, शिळफाट्याला," मी म्हटलं.

"जत्रंला?" म्हातारीनं आ वासला. "आता? अगं पन..."

"आजी, शेंगा कशा दिल्या?" गुलाबनं तिला पुढं बोलूच दिलं नाही. आणि भाव-बिव न करता ओटीभर शेंगा घेऊन टाकल्या. मी वैतागले. जत्रेला शेंगा मिरवत जायचं का, म्हटलं. ती नुसती हसली.

खोपोलीहून शिळफाटा चालत. आता कुणी चालत नाही, पण तुम्ही चालून बघा, सकाळचं ऊन पाठीवर छान लागतं. घाटाकडं निघालेले ट्रक घुरघुरत जात होते. मी पुढं, गुलाब मागं. मला लांबून पाळण्याचा वरचा भाग दिसला आणि मी अक्षरशः धावत सुटले.

मैदानावर जत्रा नव्हती. एक दुकान नाही, एक कनात नाही, पिपाणी वाजवणारं एक पोर नाही. चार-पाच शेळ्या चरत होत्या. मैदानाच्या कडेला तेवढा पाळणा उभा होता, न रंगवलेला, आणि त्याच्या पाळण्यांत माणसांऐवजी वाळूची पोती बसवलेली. खाली एक मिशाळ मामा आणि त्यांचा भाऊ हाताला ग्रीस फासून काम करत होते आणि मामांची बायको तीन दगडांच्या चुलीवर कालवण रटरटवत होती. घाटावरची माणसं, बोलण्यावरूनच कळत होतं.

"मामा, जत्रा?" मी विचारलं.

"जत्रा? आता कुठली जत्रा बाई? जत्रा माघात. आजून पंधरा-ईस दिस हायेत. औंदा अधिक श्रावण आला न्हवं, समदं सण फुडं गेलं. आमी आपलं बेरिंग बदलायचं म्हून आदी येऊन बसलोय."

मी मैलाच्या दगडावर बसकण मारली. तिथीनं भरणारी जत्रा मी कचेरीतल्या तारखेसारखी धरून बसले होते. कडावमधल्या कुठल्याही म्हातारीनं एका वाक्यात माझी चूक दाखवली असती, पण चोरून जायचं म्हणून मी कुणाला विचारलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी जत्रा भरेल तेव्हा गुलाबच्या अंगाला हळद लागलेली असणार. हळद लागलेल्या नवरीला उंबऱ्याबाहेर कोण पाठवतं? मला रडूच फुटलं. शिकली-सवरलेली मी, आणि असा गाढवपणा!

गुलाब मात्र शांत. पदरातल्या शेंगा तिनं त्या मामींच्या परातीत ओतल्या. "मामी, मीठ घालून उकडा, समदी मिळून खाऊ," म्हणाली आणि थेट मामांपुढं जाऊन उभी राहिली.

"मामा, आमाला बशिवता?"

"आज न्हाय. आज चाचनी हाय. आज फकस्त पोती बसत्यात."

"मग आमी पोती."

मामी चुलीपाशी खो खो हसायला लागल्या. मामांनी मिशीवर हात फिरवला. "सकाळधरनं धा फेरं झालं, बेरिंग झ्याक चाललंय," स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मामी म्हणाल्या, "बशिवा की वो. पोरगी लग्नाची दिसतीया." त्यांना कसं कळलं कोण जाणे. मामांनी एका पाळण्यातलं पोतं उतरवलं आणि आम्हाला बसवलं. आडवी सळई लावायला ते येणार तोवर मी ती उचलून, जराशी तिरपी करून, खाचेत बसवून मोकळी झाले.

तेव्हा पाळणा हातानं फिरवायचे. मामा आणि त्यांचा भाऊ जोर लावायला लागले आणि आम्ही हळूहळू वर निघालो, मागंपुढं वाळूची पोती. गुलाबनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. पहिला फेरा, दुसरा फेरा. ती ओरडत होती, हसत होती, परत ओरडत होती. तिसऱ्या फेऱ्याला आम्ही अगदी वर असताना पाळणा थांबला.

"बसा वाईच," खालून मामा ओरडले. "बोल्ट आवळतो."

वरून घाटाच्या अंगावरचे वीजघराचे नळ दिसत होते, खोपोलीची छपरं दिसत होती, आणि सुटलेली गाडी इवलीशी होऊन कर्जतकडं जात होती. वारा गार. गुलाब म्हणाली, "सळई कशी लावायची ते बी तुला ठाव."

झालं. आता नाही बोलले तर जन्मात बोलणार नाही, हे मला कळलं.

"गुलाब, मी मागच्या वर्षी बसले होते. मावशीच्या पोरींबरोबर."

"ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"तूच की. जत्रा आमी समदी तिथीनं सांगतो. रविवार त्यालाच ठाव जो जाऊन आला." ती लांब बघत होती. "कागद घेऊन आलीस त्या राती रडले मी. दोन दिस तुझं तोंड बघायचं नाय ठरवलं होतं."

"मग आलीस कशाला?"

"तूच न्यायला आलीस म्हणून. तुझ्या मनात नसतं तर आली नसतीस." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "आन् आज जत्रा नाय, ते बी ठाव होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू म्हणाली असतीस, माघात जाऊ. माघात मी कुटं? मला पाळणा नव्हता पायजे, नले. मला तुझ्यासंगती एक दिस पायजे होता. अख्खा."

मी रडायला लागले ती थांबेना. तीही रडायला लागली. खालून मामांचा आवाज आला, "घाबरल्या का काय? थांबवू का?"

"थांबलेलंच हाय की वो!" गुलाब रडता रडता ओरडली आणि मग आम्ही इतक्या हसलो की पाळणा डुलायला लागला. मामांनी पुन्हा जोर लावला. खाली येताना ती म्हणाली, "तुझं दुसरं असंल, माझं पयलं. पन संगती पयलंच ना? मग झालं तर."

मामांनी एक पैसा घेतला नाही. "पोत्याकडनं कुठं पैसं घ्यायचं?" म्हणाले. मिठात उकडलेल्या शेंगा आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. तशी चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही, आणि मी शोधली नाही असंही नाही.

ब्लाउजचं कापड खरंच घ्यायचं राहिलं होतं. शेवटी गाडी चुकेल म्हणून दोन मिनिटांत घेतलं, तेही दुकान बंद करता करता. घरी कंदिलाशी धरून बघितलं तर शालू हिरवा आणि कापड निळं. काकूंनी कपाळावर हात मारला. "तरी म्हनत होते, पौषात खरेदी करू नये!" गुलाब खाली मान घालून हसत होती. लग्नाचे फोटो काळेपांढरे निघाले म्हणून अब्रू वाचली. आजही तो फोटो बघितला की निळा रंग मला एकटीला दिसतो.

पुढं तिचं घर तिचं, माझं माझं. वर्षातून एकदा भेट, कधी दोन वर्षांतून. त्या दिवशी वरून खाली येताना मी मनात एक ठरवलं होतं, आणि ते कुणाला सांगितलं नाही: आता गुलाबशिवाय पाळण्यात बसायचं नाही. एकदा मोडली, दुसऱ्यांदा नाही. मुलांना घेऊन कितीतरी जत्रा केल्या, पुढं नातवंडांना घेऊन त्या पार्काच्या फाटकापर्यंत गेले, सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत बाहेर बसले. "आजी घाबरट आहे," पोरं म्हणतात. म्हणू देत.

गेल्या महिन्यात फोन वाजला. पलीकडून तोच आवाज, जरा खरखरीत झालेला.

"नले, नातू म्हणतो तुमच्या बाजूला लय मोठं पाळणं झाल्यात. इंजनावर फिरत्यात म्हणं. तू बसलीस?"

"नाही."

"एकदा बी नाय?"

"नाही गं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग जायचं का?"

मी फोन कानाला तसाच धरून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. "कुठला रविवार धरू सांग."

"रविवार नको गं बाई तुझा," ती म्हणाली. "पौष कधी लागतो ते बघ."

मी चष्मा शोधला, आणि तारखा सोडून त्यांच्या खालची बारीक अक्षरं वाचायला लागले.