उलटे बाण

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. नव्वदच्या आसपासचं जळगाव. बाहेर माणसं उन्हात भाजून निघायची आणि आत ती मशिनं एसीत बसलेली. पहिल्या दिवशी मी त्यांना चक्क नमस्कार केला होता.

शेवटच्या वर्षी मी आणि भडगावकडचा माझा जोडीदार, दोघांनी मिळून एक प्रोजेक्ट घेतलं. बशीत तेलाचा पातळ थर, खाली मधोमध आच. तेल कुठे जास्त तापतं, कुठे कमी. त्यामुळे त्याचा पृष्ठताण, म्हणजे वरच्या थराची खेच, जागोजागी बदलते आणि तेल वाहू लागतं. ते कसं वाहतं हे ना बशी, ना तेल, नुसत्या कॉम्प्युटरवर दाखवायचं! गणितं त्याची, टायपिंग माझं. बोलणं अर्थातच माझं. सकाळी प्रोग्रॅम लावला की दुपारी पडद्यावर बाण उमटत, सगळे कडेकडून मध्याकडे धावणारे. काय रुबाब होता त्यांचा! मी शिपायालाही बोलावून दाखवले.

विभागात शिकवायची एक जागा रिकामी होती. तोंडी परीक्षा झाली की विभागप्रमुख सर आमच्यापैकी एकाचं नाव वर पाठवणार होते. मला कुठेही चाललं असतं. त्याला मात्र घरून सांगणं होतं: ही नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर कपाशी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो अहिराणीतच म्हणाला, "चिन्ह उलटं शे भाऊ." गणितातलं अधिक-उणे. मग मला समजेल असं सांगितलं. "मेसमधल्या अक्कांचा तवा बघ. मध्ये कोरडा पडतो, तेल कडेला पळतं. गरम जागेची खेच कमी होते."

"आज तवा आठवला का तुला?" मी म्हणालो. "झाकली मूठ राहू दे."

परीक्षक बाहेरून आलेले, पूल बांधण्यातले. मी हातवारे करत सुरुवात केली, "सर, तापलं की खेच वाढते. माणसाचंही तसंच नाही का?" परीक्षक खूश. एवढ्यात जोडीदार हळूच म्हणाला, "सर, बाण उलटे आहेत."

माझी जीभ कुठली थांबते! "सर, हा भडगावचा. गिरणा नदीशिवाय याने दुसरं काही वाहताना बघितलेलंच नाही!"

सगळे हसले. आमचे सरही हसले. तो खाली मान घालून बसला, आणि पुढच्या एकाही प्रश्नाला त्याने धड उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या खोलीत गेलो, उणे चिन्ह घातलं. दुपारी सगळे बाण कडेला पळाले. छापलेला कागद घेऊन सरांकडे गेलो. सर वर पाठवायचं पत्र लिहीत होते. "ये, ये! वर्गात असाच बोलणारा माणूस लागतो." मी कागदाची घडी करून खिशात घातली.

बाहेर तो उभा होता. "चालाडी दखं का?"

"नाही चालवून पाहिलं," मी म्हणालो.

"मंग मनंच चुकनं व्हई," असं म्हणून तो हसला आणि मला चहा पाजायला घेऊन गेला.

तो कपाशीत गेला, तोही आपलंच चुकलं असं समजून. भडगावची एसटी दिवसभर सुटायची. सांगायचं होतं तेही जेमतेम तीन शब्दांचं, तुझंच बरोबर होतं. मी तिथेच, त्याच कॉलेजात, रोज तास तास बोलत होतो.