बाटलीतली द्राक्षांची काकवी

मुलाने जॉर्जियाची चार दिवसांची सहल ठरवली, पण त्यात वाईनचं गाव आहे हे त्याने मला सांगितलं नाही. ते सुनेने सांगितलं. कतारमधल्या अल खोरच्या आमच्या घरात ती ओटा पुसत होती. म्हणाली, "अम्मी, तिसऱ्या दिवशी एका गावात जायचंय. तिथे घराघरात वाईन करतात म्हणे."

मी म्हटलं, "मग मी गाडीतच बसेन."

मुलगा बाहेरून ओरडला, "दिवसभर गाडीत? काय अंडी उबवणार आहेस?"

मला नवीन माणसांत जायची तशीही धडकी भरते. कतारला येऊन चार वर्षं झाली, पण दुकानदाराला आभाराचं 'शुक्रन' म्हणण्यापलीकडे मी बाहेर कुणाशी बोललेले नाही. भाजी बोट दाखवून घेते.

ते गाव लहान होतं. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी सज्जांची उंच घरं, आणि प्रत्येक घराखाली दगडी तळघर. आमच्याबरोबरची गाईड बाई इंग्रजीत सांगत होती आणि मुलगा मला मराठीत. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतली माणसं होडीतून, बैलगाडीतून तिथे आली. वाटेतच कितीतरी मेली. उरली त्यांनी रान तोडून हे गाव वसवलं, द्राक्षं लावली. पुढे जर्मनीशी मोठी लढाई झाली तेव्हा तिथल्या सरकारने त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आगगाडीत भरून लांब पाठवून दिलं. घरं राहिली, वेली राहिल्या. आता दुसरीच माणसं राहतात.

"किती दिवसांत जायला सांगितलं?" मी विचारलं.

मुलाने बाईला विचारलं. "थोड्याच दिवसांत, अम्मी."

ते माझ्या डोक्यात बसलं. एवढ्या कष्टाने वसवलेलं, आणि थोड्याच दिवसांत. आमचंही परदेशात सगळं मुलाच्या कंपनीच्या व्हिसावर आहे. माझं इथे राहायचं कार्ड, सुनेचं, नातीचं, सगळी त्याच्या नावाला बांधलेली.

तळघरात सगळे उतरले. मी दारापर्यंत गेले आणि आंबूस वास आला तशी मागे फिरले.

सून म्हणाली, "अम्मी, आम्हीपण काय पिणार नाही. नुसतं बघायचं. वासाने काही होत नाही."

"तू बघ. मी बाहेर आहे."

नात नाक दाबून माझ्याबरोबर निघाली होती. "दादी, इट्स सो स्मेली," म्हणाली. पण तिला पिंपं बघायची होती, म्हणून परत पळाली.

मागच्या अंगणात एक म्हातारी चुलीवर कढई ठेवून काहीतरी ढवळत होती. डोक्याला रुमाल मागे बांधलेला, आमच्याकडच्या बायका कामाला लागताना बांधतात तसा. कढईत काळपट लाल रस रटरटत होता. आमच्याकडे वैशाखात आंब्याचा रस आटवतात तसंच होतं ते. तसेच शिंतोडे उडत होते. तिने बाही खाली ओढली नव्हती आणि हातावर लाल ठिपके उठले होते. मला राहवलं नाही. मी तिची बाही मनगटापर्यंत खाली ओढली. ती हसली, आणि लाकडी डाव माझ्याच हातात दिला.

मी बराच वेळ ढवळलं. तिने बशीत थेंब टाकून दाखवला. पसरला नाही, म्हणजे झालं. बोटाने चाखायला दिलं. आधी मी घाबरले. तिने वेलीकडे बोट केलं, मग विस्तवाकडे, मग तळघराकडे बघून नाही-नाही मान हलवली. मला कळलं. ताजा रस काढून लगेच आटवलेला, आंबवलेला नव्हे. बिस्मिल्ला म्हणून चाखलं. काकवीसारखं लागलं.

निघताना तिने एका बाटलीत ते भरलं, बूच मारलं आणि माझ्या हातात दिलं. बाटलीवर कागद होता, त्यावर द्राक्षांचा घड आणि कसलीतरी अक्षरं. मी त्याचा काही विचार केला नाही. आमच्या गावच्या घरी कोकमाचं आगळ नेहमी दारूच्या रिकाम्या बाटल्यांतच भरायचे. सासूबाई भंगारवाल्याकडून बाटल्या आणायच्या, राखेने घासून उन्हात उपड्या घालायच्या. मधही त्यातच, फिनेलही त्यातच. बाटलीवर काय लिहिलंय ते कोण वाचतं?

माझ्या पिशवीची चेन बिघडलेली. म्हणून मी ती बाटली टॉवेलात गुंडाळून मुलाच्या मोठ्या बॅगेत कपड्यांखाली ठेवली. घरी गेल्यावर नातीला घावनाबरोबर वाढेन, सगळ्यांना नवल वाटेल, असं मनात होतं. म्हणून सांगितलं नाही.

परतीच्या विमानतळावर बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या. आमच्या मागे एक हिंदी बोलणारं कुटुंब होतं. त्यातला माणूस मुलाला म्हणाला, "भाईसाब, बोतल-वोतल तो नहीं रखी? दोहा में सब सामान मशीन से जाता है."

मुलगा हसला. "आमच्याकडे कुठून येणार?" हे तो हिंदीत म्हणाला आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "विचारतोय कुणाला बघ."

बाटलीवरचा तो कागद मला तेव्हा आठवला. बॅग तर गेली होती. कुणीतरी दारूची बाटली आणली आणि कंपनीने त्याला परत पाठवलं असं मी कधीतरी ऐकलं होतं. खरं-खोटं माहीत नाही. पण बॅगेवर चिठ्ठी मुलाच्या नावाची होती.

सांगायला तोंड उघडलं तेव्हा तो नातीचे बूट घालत होता. विमानात सांगावं म्हटलं, तर तो झोपला. मी दरूद पढत, दुआ मागत बसले.

सुनेने विचारलं, "अम्मी, विमानाची भीती वाटतेय?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलले.

दुपारी दोह्याला उतरलो. बॅग पट्ट्यावरून फिरत आली. मनात आलं, फिरू दे, घेऊच नये. पण मुलाने ती उचललीसुद्धा.

"बाळा, तुझ्या बॅगेत बाटली आहे."

"कसली?"

"दारूची."

त्याने बॅग खाली ठेवली.

"म्हणजे बाटली दारूची. आत काकवी आहे. द्राक्षांची. त्या म्हातारीने दिली."

"अम्मी!" त्याने आजूबाजूला बघितलं. "आत्ता सांगतेस?"

सून म्हणाली, "इथेच काढून ठेवू या का?"

"आता नको. सगळे बघतायत, कॅमेरे आहेत. कुणी काही बोलू नका. मी बोलतो. माझी आहे म्हणून सांगतो."

तेच मला नको होतं.

मशीनमधून बॅग गेली आणि थांबली. मोठ्या वयाचा अधिकारी होता. त्याने बॅग बाजूला घेतली आणि इंग्रजीत विचारलं, कुणाची?

मुलाने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मेरा. बोतल मेरा. इसको मालूम नहीं."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मागची माणसं थांबली. अधिकाऱ्याने बाटली काढली, कागद वाचला, आणि हिंदीत म्हणाला, "माँ, ये तो शराब है."

"अंदर नहीं. ऊपर है." मी कागदावर बोट ठेवलं. मग दोन्ही हातांनी कढई दाखवली, ढवळून दाखवलं, शिंतोडे उडतात ते दाखवलं. सगळ्यांसमोर. शरमेने कान तापले, पण हात थांबवता येईना.

त्याने बूच काढलं, वास घेतला, बाटली आडवी केली. आतलं दाट होतं, सावकाश सरकलं. "दिब्स?" त्याने शेजारच्याला विचारलं. त्यानेही वास घेतला. आमच्या घराजवळच्या दुकानात खजुराची दिब्स, म्हणजे काकवीच, मिळते; मी ओळखते. "दिब्स, दिब्स," मी जोरात मान हलवली.

पण कागद तो कागद. तपासल्याशिवाय देता येणार नाही, बाटली इथेच राहील, असं त्याने मुलाला समजावलं. रागावला नाही. एक फॉर्म काढला आणि मुलाचं कार्ड मागितलं.

मी माझं कार्ड पुढे केलं. "मेरा लिखो."

मुलगा म्हणाला, "अम्मी, राहू दे."

"तू गप्प बस."

अधिकाऱ्याने आमच्या दोघांकडे बघितलं आणि माझं कार्ड घेतलं. मी मराठीत सही केली. शेवटचं अक्षर रेघेखाली गेलं.

अल खोरच्या रस्त्याला लागल्यावर मुलगा माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी दगड जरी उचललास तरी मला आधी दाखव."

"दाखवीन."

"आणि ते काय नाचून दाखवत होतीस?"

सून तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागली. मला हसू येईना. फॉर्मवर त्यांनी काय लिहिलं ते मला वाचता आलं नव्हतं, आणि माझ्या कार्डाची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती.

तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. दाराची बेल वाजली की मी उघडायला सुनेला पाठवायचे. मुलगा कंपनीच्या बसमधून उतरला की खिडकीतून आधी त्याचा चेहरा बघायचे. एकदा मी विचारलं, "मला एकटीला पाठवलं तर चालेल, पण तुला काही करणार नाहीत ना?"

"अम्मी, खलास. काकवी होती ती."

मग एका संध्याकाळी त्याने फोन माझ्यासमोर धरला. "झालं तुझं कार्ड रिन्यू. एक वर्ष. बघ."

इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. मी वर्ष वाचलं. मग त्याला म्हटलं, आता तुझं दाखव. त्याने दाखवलं. सुनेचं आणि नातीचंही दाखवायला लावलं.