ओटीपी वैरागला जातो

आमच्या गल्लीत आधार कार्डाचं शिबिर भरलं तेव्हा आपण मोठं काम केलं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मशीनवाला प्रत्येकीला मोबाईल नंबर विचारत होता. कुणाचा फोन नवऱ्याने कामावर नेलेला, कुणाचा रिचार्ज संपलेला. रांग हलेना. मी पुढे झाले आणि म्हटलं, "माझा लिहा." माझा एक नंबर असा सात घरांतल्या कार्डांना आणि मागोमाग गॅसच्या नोंदींनाही चिकटला. पुढे नव्या सिमवर स्वस्त रिचार्ज मिळतोय म्हणून मी नवं सिम घेतलं. जुनं बटणांच्या डब्यात टाकलं आणि विसरले.

यंदा शेजारणीच्या मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला. आई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. शिष्यवृत्ती मिळाली तर पोरगी शिकणार, नाहीतर आईशेजारी टॉवेल दुमडायला बसणार, इतकं ते सरळ होतं. मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा मुलगी माझ्याकडे आली.

"काकू, ओटीपी येईना."

तिने फोन पुढे केला. ओटीपी कुठल्या नंबरवर पाठवलाय त्याचे शेवटचे चार आकडे दिसत होते. बटणांच्या डब्यातले.

आम्ही दोघी कॉलेजात गेलो. 'विद्यार्थी मदत कक्ष' अशी पाटी होती. आत क्रिकेटच्या मॅट रचलेल्या होत्या. शेजारच्या खिडकीतल्या क्लार्क बाईंनी ऐकून घेतलं.

"आधार केंद्रात जाऊन नंबर बदला."

"किती दिवस लागतात?"

"आठ-दहा तरी."

"मुदत परवा संपतेय."

बाईंनी चष्मा वर केला. "मग त्या नंबरवर फोन लावून बघा की. बंद पडलेले नंबर कंपनी दुसऱ्याला देते. कुणीतरी असेलच."

अख्ख्या प्रकरणात उपयोगाचं बोलणारी ती पहिली व्यक्ती. मी लावला. एका पुरुषाने उचलला.

"कोण बोलतंय?"

मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आता एक ओटीपी येईल, तेवढा वाचून दाखवा."

"न्हाय सांगणार. ओटीपी कुणाला सांगू नका, असं फोनमधली बाई रोज सांगती. ती बाई सरकारी हाय. तुमी कोण?"

"अहो, तो नंबर आधी माझा होता."

"समदे चोर असंच म्हणतात. खरं असंल तर समोर या. वैरागला आडत दुकान हाय माझं. कार्ड घिऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही वैरागला. सोयाबीनच्या पोत्यांमागे गृहस्थ बसले होते. आम्ही येऊ असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी मुलीचं कार्ड उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, मग माझ्याकडे वळले.

"पोरगी खरी हाय. पन नंबर तुमचाच व्हता कशावरनं? तुमचा वाढदिवस कधी?"

"एक जून." शाळेत घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख. आमच्या वर्गात निम्म्यांची तीच.

ते उठून उभेच राहिले. "एक जून तर माझाबी हाय की!"

मला वाटलं, झालं, आता हा माणूस मला पक्की लबाड समजणार. पण त्यांनी फोन काढून एक मेसेज शोधला. "चार वर्सं झाली, सोलापूरचं एक साडीचं दुकान दर एक जूनला मला शुभेच्छा धाडतंय. 'प्रिय ताई' म्हणून. म्या म्हनलं, तारीख तर बरोबर हाय, जाऊ दे."

मुलगी पोत्यांकडे तोंड करून हसत होती. मी हसले नाही, मुदत होती.

"आता पटलं का?"

"पटलं. पन तुमच्या गल्लीनं लई तरास दिलाय, अक्का. कुनाचा शिलिंडर कधी येतो मला ठावं हाय. परवा कुनाच्या तरी रगताचा रिपोर्ट आला. साखर वाढलीया. दोन दिस चहा सोडला की मी!"

रिपोर्ट माझा होता. लॅबमध्ये जुनाच नंबर होता, आणि रिपोर्ट का येत नाही म्हणून मी त्यांच्याशी भांडूनही आले होते. तो विषय मी तिथेच मिटवला आणि मुलीला म्हटलं, "टाक."

पहिला ओटीपी आला. चष्मा सापडेपर्यंत त्याची वेळ संपली. दुसरा आला तेव्हा त्यांनी आकडे लिलावात भाव पुकारावा तसे पुकारले. अख्ख्या बाजाराला कळले, पण अर्ज गेला. मग त्यांनी चहा मागवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्कांचा बिनसाखरेचा." म्हणजे कळलं होतं तर.

पुढच्या रविवारी मी सातही घरांतल्या बायकांना नंबर बदलायला आधार केंद्रात नेलं. प्रत्येकीला स्वतःचा नंबर द्यायला लावला. दोघींनी सवयीने माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली. गॅस, लॅब आणि भरलेला अर्ज मात्र जुन्याच नंबरवर राहून गेले. सगळं एका रविवारी होत नाही.

अर्जाचा निकाल महिन्याभराने लागला. आम्हाला वैरागहून कळला.

"अक्का, पोरीचा अर्ज मंजूर झालाय, आत्ताच मेसेज आला," गृहस्थ फोनवर ओरडत होते. "आनि गल्लीत कुनीतरी घरी थांबा, शिलिंडर निघालाय."