ब्रायडीने धुतलेल्या रिबिनी

ब्रायडी कॉस्टिगनला मी पहिलं दीड वर्ष नन समजत होते. आता सांगताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा अगदी खात्रीने मी तिला 'सिस्टर' म्हणायचे. करडा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, सपाट बूट, अंगाला खळीचा वास, आणि दुकानात आली की चर्चच्या कपड्यांसाठी पांढरा दोरा मागणार. माणसाने दुसरं काय समजावं? नन्सना मी दहा टक्के सूट देते. तीही बाई निमूट घ्यायची. मग एक दिवस ती नवऱ्याच्या पायजम्याला इलॅस्टिक मागायला आली आणि माझी ट्यूब पेटली. मी म्हटलं, अगं, इतके दिवस बोलली का नाहीस? तर म्हणे, मला वाटलं तुमच्या देशात सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात, उगाच कशाला तुझा अपमान करा. आणि सूट? तीही तुमच्याकडची रीत असेल असं वाटलं म्हणे.

मेरिगल गाव केवढं, तर एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल पुढे करतो. चर्चच्या बरोबर समोर माझं शिवणसामानाचं दुकान, त्यालाही आता एकतीस वर्षं झाली. आणि चर्चमधल्या वेदीवरची कापडं धुणं, खळ घालणं, इस्त्री करणं हे ब्रायडीचं काम, त्याला चाळीस. देवापुढे सुरकुती चालत नाही असं ती म्हणते. तोंडावरच्या चालतात का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, त्या त्यानेच घातल्यात, त्याची तक्रार नसणार.

तर गेल्या जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, पारा एक्केचाळीसला असताना, बिशप डेलाहंटी गेले. शहाऐंशी वर्षांचे होते, मूळ आमच्याच गावचे. आईवडिलांशेजारी पुरा असं लिहून ठेवलेलं, म्हणून गुरुवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली शेवटची प्रार्थना, आणि दफन इथेच ठरलं. बातमी आली आणि तासाभरात गावाचे दोन तुकडे झाले. औषधाच्या दुकानातली बाई गल्ल्यावर बसून ढसाढसा रडली, कारण दुष्काळात याच बिशपनी ट्रकच्या ट्रक चारा आणला होता आणि तिच्या बापाच्या गाई वाचल्या होत्या. पबवाल्याने त्याच दुपारी येईल त्याला पहिली बिअर फुकट दिली, आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही. शाळेचा झेंडा अर्ध्यावर आला, पुन्हा वर गेला, पुन्हा अर्ध्यावर आला. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या की दोरी अडकलीय. आपल्याकडे म्हणतात ना, मेल्या म्हशीला मणभर दूध. इथे अर्ध्या गावाने मणभर दूध काढलं आणि उरलेल्या अर्ध्याने सांगितलं की म्हैस मारकी होती.

मारकी म्हणण्याचं कारणही होतं. चर्चला लागून पूर्वी मुलांची निवासी शाळा होती. तिथे शिकवणारा एक ब्रदर, म्हणजे चर्चचा धर्मसेवक, मुलांशी नको ते करायचा. मुलांनी जाऊन सांगितलं ते डेलाहंटींना, ते तेव्हा शाळेचे प्रमुख होते. त्यांनी मुलांना खोटारडं ठरवलं आणि ब्रदरला गुपचूप दुसऱ्या शाळेत पाठवलं. तिथेही त्याने तेच केलं. पुढे चौकशी झाली, पेपरात आलं, कोर्टही झालं, पण डेलाहंटी शेवटपर्यंत मला माहीत नव्हतं एवढंच म्हणत राहिले. सहा वर्षांपूर्वी लोकांनी चर्चच्या लोखंडी कुंपणाला रिबिनी बांधायला सुरुवात केली. त्या मुलांची आठवण म्हणून, एका मुलाची एक. त्यातल्या निम्म्याअधिक माझ्या दुकानातल्या, त्यामुळे कोणी कुठला रंग नेला हे मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. एवढंच सांगते की बिशप गेले त्या दिवशी माझ्याकडची काळी रिबीन संपली आणि रंगीतही. एकीने दंडाला बांधायला काळी घेतली, पाठोपाठ तिच्या सख्ख्या बहिणीने कुंपणाला पिवळी घेतली. दोघी एकाच गाडीतून आल्या होत्या आणि एकाच गाडीतून परत गेल्या.

त्या कुंपणावर एक हिरवी रिबीन ब्रायडीच्या धाकट्या भावाची, लिओची. लिओ त्या शाळेत बारा वर्षांचा होता. आता अडुसष्ट वर्षांचा आहे, तीस किलोमीटरवर त्याची मेंढरं आहेत. टायरला, दाताला, खताला गावात येतो, पण चर्चच्या रस्त्यावर छप्पन्न वर्षांत त्याने पाऊल टाकलेलं नव्हतं. आईच्या मिस्सेलाही नाही, तो परस्पर दफनभूमीत जाऊन उभा राहिला होता. सहा वर्षांपूर्वी त्याने फोन करून बहिणीला सांगितलं, माझीही एक बांध, हिरवी. तिने बांधली. त्याने ती कधी पाहिली नाही. आणि आता बिशप गेले त्या संध्याकाळी त्याने पुन्हा फोन केला. गुरुवारी येतो म्हणाला. आत येणार नाही, पण त्या बिशपची शवपेटी दारातून बाहेर काढतील तेव्हा माझी रिबीन तिथे आहे एवढं मला बघायचंय.

हे ब्रायडीने मला सांगितलं ते वेदीच्या कापडाची घडी घालता घालता.  

सोमवारी बर्नार्ड प्रेंडरगास्टचं पत्र आलं. हा चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष, बँकेतून रिटायर झालेला, बायकोच्या वाढदिवसालाही टाईप केलेलं पत्र देत असेल असा. पत्रात लिहिलं होतं की बाहेरगावाहून मोठमोठे पाहुणे येणार आहेत, कुंपणावरच्या रिबिनी मळलेल्या, विटलेल्या आणि धुळीने व पक्ष्यांच्या विष्ठेने घाण झालेल्या आहेत, सबब त्या काढण्यात याव्यात. सफाईचं काम ब्रायडीकडे, म्हणून पत्र तिच्या नावाने. तिने वाचलं आणि बरं म्हणाली.

मंगळवारी सकाळी सहाला मी दुकानाचा पडदा सारते तर ही बाई स्टुलावर बसून विणकामाच्या सुईने एकेक गाठ सोडवतेय. दहापर्यंत सगळ्या गावाला कळलं. रिबिनवाल्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. दूधवालीने तिच्या तोंडावर दार लावलं. एकजण माझ्या दुकानात म्हणाला की हिने चाळीस वर्षं चर्चवाल्यांचे टेबलक्लॉथ धुतले, आता त्यांची पापंही धुतेय. मला पण राग आला होता, खोटं कशाला सांगू. भाऊ येणार परवा, आणि ही सख्खी बहीण बर्नार्डच्या एका कागदावर रिबिनी काढत बसते.

दुपारी दुकान बंद करून मी भांडायलाच तिच्या घरी गेले. मागच्या अंगणात पाहिलं आणि भांडण विसरले. या झाडापासून त्या झाडापर्यंत, शेजाऱ्याच्या दांडीवर, कोंबड्यांच्या जाळीवर, सगळीकडे ओल्या रिबिनी. प्रत्येकीला टाचणीने चर्चच्या मटण-लॉटरीचं, म्हणजे बक्षिसात मटण मिळतं त्या सोडतीचं, नंबरवालं तिकीट टोचलेलं. आणि तोच नंबर कुंपणाच्या त्या त्या गजाच्या तळाशी खडूने लिहिलेला, हे मला नंतर कळलं. चारशे बारा रिबिनी. न्हाणीघरात टब भरून व्हिनेगरच्या पाण्यात लाल वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. ज्यांच्यावर पेनाने नावं लिहिली होती त्या तिने बशीत, बोटांनी धुतल्या होत्या.

"घाण आहेत म्हणाला ना," ती म्हणाली. "मग धुवायला नकोत का?"

मी पदर खोचला असता, पण मी पँट घातली होती. बुधवारी दिवसभर आम्ही दोघी इस्त्री करत होतो. त्यात माझा उपयोग झाला, कारण कुठली रिबीन किती उष्णता सोसते हे माझ्याइतकं गावात कोणाला कळतं? तिने एकटीने केलं असतं तर नायलॉनच्या अर्ध्या रिबिनी इस्त्रीला चिकटल्या असत्या. मी म्हटलं, ही बघ, ही पार पांढरी पडलीय, दुकानातून याच निळ्याची नवी आणते. तर तिने माझ्या हातातून काढून घेतली. बांधणाऱ्याने बांधली तीच जाणार म्हणाली. त्याच टेबलावर बिशपच्या मिस्सेसाठी वेदीचं मोठं कापडही होतं. आधी ते, मग लिओची रिबीन, मग पुन्हा ते, एकाच इस्त्रीने. मला राहवलं नाही. तुला त्या बिशपचा राग येत नाही का, असं मी विचारलं.

तिने एका कोपऱ्यावर इस्त्री फिरवली.

"आई गेली तेव्हा दोन तास तिचा हात धरून बसला होता तो. आणि त्याच हाताने लिओच्या थोबाडीत मारली होती, खोटं बोलतोस म्हणून. आता मी काय करू? त्याचा हात मधून कापून दोन करू?"

मी कापड धरलं, तिने घडी घातली.

चार वाजता आम्ही टोपल्या घेऊन कुंपणापाशी गेलो. पहिल्या अर्ध्या तासात कोणी फिरकलं नाही. मग दूधवाली आली, उगाच इकडेतिकडे बघत. मग पबवाला आला. मग त्या काळ्या आणि पिवळ्या रिबिनीवाल्या बहिणी. सगळ्यांना मदत करायची होती, आणि ब्रायडी कोणालाही नंबर बघितल्याशिवाय हात लावू देत नव्हती. पबवाल्याने दोनशे सतरा नंबरची दोनशे अठराला बांधली तर त्याला सोडवून पुन्हा बांधायला लावली. तो म्हणाला, ब्रायडी, कोणाला कळणार आहे? ती म्हणाली, ज्याची आहे त्याला. उजेड असतानाच सगळं बांधून झालं.

गुरुवारी सकाळी आठला बर्नार्ड काळा सूट घालून आला आणि कुंपणासमोर थबकला. वाऱ्यावर चारशे बारा रिबिनी, नव्या नवरीच्या साडीसारख्या कडक. मी दुकानाच्या दारात झाडू घेऊन उभी. झाडायचं काही नव्हतं.

"मी या काढायला सांगितल्या होत्या."

"काढल्या," ब्रायडी म्हणाली.

"मग या पुन्हा कोणी बांधल्या?"

"बांधू नका असं पत्रात कुठे आहे? घाण आहेत असं आहे. कुठली घाण आहे, मला दाखव."

आणि बर्नार्ड खरंच बघायला लागला. पाहुण्यांच्या गाड्या येतायत आणि हा वाकून वाकून रिबिनी तपासतोय. पार टोकाला त्याला एका रिबिनीवर तपकिरी डाग सापडला. ब्रायडीने चष्मा लावला, बघितलं, आणि सांगितलं की तो गजाचा गंज आहे, कुंपण रंगवायचं काम तीन वर्षं कमिटीकडे पडून आहे. तेवढ्यात आमचे नवे फादर आतून आले. त्यांनी एक रिबीन बोटांत धरून पाहिली आणि इस्त्री सुरेख झालीय म्हणाले. बर्नार्ड आत निघून गेला.

मिस्सा दहाला सुरू झाली. काही माणसं आत गेली, काही रस्त्याच्या या बाजूला माझ्या दुकानाच्या सावलीत उभी राहिली.  मी सगळ्यांना गार पाणी दिलं. अकरा वाजून गेले तरी लिओचा पत्ता नव्हता. आतून शेवटचं गाणं ऐकू यायला लागलं, आणि तेव्हा कुठे त्याची धुळकट गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली. इंजिन बंद झालं, पण दार काही उघडेना. ब्रायडी गाणं अर्ध्यावर सोडून चर्चमधून बाहेर आली, गाडीपाशी गेली आणि नुसती उभी राहिली.  दार उघडायला किती वेळ लागला मी सांगू शकत नाही.

लिओ उतरला. टोपी हातात, मान खाली, बहिणीच्या मागोमाग कुंपणापर्यंत आला. तिने हिरवी रिबीन दाखवली. त्याने बघितली. मग वाकला, अजून जवळून बघितली.

"ही गाठ कसली मारलीस?" तो म्हणाला. "मेंढरू बांधलं असतंस तर पळालं असतं."

"सहा वर्षं टिकलीय."

"काल बांधलीस ना? सगळं गाव सांगतंय."

"गाठ तीच आहे."

"ही सुटणार."

"मग सोडव."

लिओने टोपी गजावर अडकवली आणि दोन्ही हात लावले. जाड अंगठे, तुटकी नखं, इवलीशी गाठ. मागे चर्चचं दार उघडलं, पेटी बाहेर आली, घंटा वाजायला लागली. काही लोकांनी टोप्या काढल्या, काहींनी पाठ फिरवली. काळी गाडी लिओच्या मागून हळूहळू निघून गेली. त्याने वर बघितलं नाही, तो गाठीशी झटत होता. एका बाजूने ओढून पाहिलं, दुसऱ्या बाजूने ढकलून पाहिलं, शेवटी दातही लावायला निघाला, तेव्हा ब्रायडीने त्याच्या हातावर चापट मारली.

"नाही सुटत," लिओ म्हणाला.

"मग?" ब्रायडी म्हणाली.

"मग काय. बरी बांधलीस."