एक हात खाली

अमरावतीच्या ज्या दवाखान्यात मी कारकून होतो, तिथे त्रेचाळीस साली मालिश-कसरतीचा वर्ग सुरू झाला. लढाईवरून हातपाय आखडून परतलेले शिपाई, प्लास्टर काढल्यावर गुडघा न वाकणारी माणसं, अंगावरून वारं गेलेले म्हातारे, अशांना पुन्हा चालतं-फिरतं करायचं शिक्षण. मुदत नऊ महिने. जागा आठ, त्यातल्या दोन बायकांसाठी. अर्ज तपासायचं, उत्तरं धाडायचं काम माझ्याकडे होतं आणि माझं अक्षर चांगलं आहे याचा मला नको इतका अभिमान होता.

पहिल्या वर्षी अकोल्याच्या जुन्या शहरातून शकुन नावाच्या बाईचा अर्ज आला. जात माळी, वय सव्वीस, विधवा, मराठी चौथी पास. मोर्णा नदीच्या काठी सासूसोबत शेवंतीचा मळा करते. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं : सासू गोदाबाई चाळीस वर्षं बाळ-बाळंतिणींची अंगं चोळते, तिच्या हाताखाली सात वर्षं.

प्रवेशाच्या परीक्षेला ती पहाटेच्या गाडीनं निघून, बडनेऱ्याला गाडी बदलून आली. पोलकं घट्ट, पदर खोचलेला, हाताला शेवंतीचा वास. डॉक्टरांनी तिला पाय सुजलेली एक बाई दिली आणि म्हणाले, "चोळून दाखवा."

तिनं फार सुरेख चोळलं. वर्गाची झाडून सगळी माणसं बघत राहिली. पण ती मांडीपासून खाली, पावलाकडे चोळत होती, आणि दर वेळी बोटांच्या टोकांवरून हात ओढून जमिनीकडे झटकत होती. आपल्याकडे घरोघरी असंच चोळतात. दुखणं वरून खाली आणायचं, पायाच्या बोटांतून बाहेर काढायचं आणि झटकून टाकायचं.

डॉक्टर पुण्याकडचे, बोलणं मोजकं. म्हणाले, "हात चांगला आहे. दिशा उलटी आहे. सूज आलेल्या पायाचं रक्त हृदयाकडे न्यायचं असतं, बाई. तुम्ही ते खाली कोंबताय." मग माझ्याकडे वळून, "कारण लिहा : मालिशीची दिशा चुकीची."

मी लिहिलं. पण छापील कागदावर कारणासाठी चांगल्या तीन ओळी होत्या आणि डॉक्टरांचं वाक्य अर्ध्या ओळीतच संपलं. मोकळी जागा मला बघवेना. मी वळणदार अक्षरात पुढे जोडलं, "घरगुती अडाणी पद्धत." सही घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वाचलं नाही. ते कधीच वाचत नसत.

शकुन चारच्या गाडीनं जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. बायकांच्या वॉर्डाच्या खिडकीशी उभी राहून शिकाऊ मुलींचे हात बघत राहिली. मी दोनदा हटकलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "पाहाले बी पैसे लागतात का बाबूजी?" मी टेबलाशी येऊन बसलो.

वर्षभरानं ती पुन्हा आली. तोच अर्ज, तीच चौथी पास, पण या वेळी सोबत एक ठेंगणी म्हातारी, तिची सासू. अर्ज माझ्या टेबलावर ठेवून शकुननं पदराच्या गाठीतून घड्या पडलेला कागद काढला. माझंच अक्षर.

"हे पत्र आमच्या गल्लीतल्या उत्तमराव मास्तरनं ओट्यावर बसून वाचलं," ती म्हणाली. "साऱ्या गल्लीनं आयकलं. मले नाई घेतलं, त्याचं काई नाई. पण अडाणी पद्धत म्हनजे कोनाची? आत्याबाईची. तवापासून बाळंतिणी तिले बोलवत नाईत. सरकारी कागदावर लिवून आलं म्हनतात."

म्हातारी भिंतीकडे बघत होती. मी शाईची दौत उगाच सरकवली. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो, म्हणून जरा खेकसूनच सांगितलं, "बसा बाकावर. नाव पुकारतील."

मधल्या वर्षाची हकिकत मला नंतर गोदाबाईकडूनच कळली. पोळ्याच्या आसपास ती फुलांची टोपली घेऊन मोर्णेच्या ओल्या दगडावरून घसरली आणि घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. ते काढलं तेव्हा पाऊल भोपळ्याएवढं आणि टाच जमिनीला टेकेना. शकुननं तेल घेतलं आणि पावलाकडून वर चोळायला लागली. खिडकीतून पाहिलेलं सगळं तिनं लक्षात ठेवलं होतं.

गोदाबाईनं पाय ओढून घेतला. "दुखनं काळजाकडं कावून चढवून राहिली वं? मारतं का मले?"

"वाफ्यात पानी तुंबलं त आपन वरून अजून सोडतो का, आत्याबाई? बाहीर काढतो ना?"

"माहा पाय काय वांग्याचा वाफा हाय?"

दोन दिवस म्हातारीनं पायाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच अट घातली. वर चोळायचं तितकं चोळ, पण सरतेशेवटी एक हात खाली दे आणि झटकून टाक, म्हणजे वर गेलेलं माझ्या छातीत राहणार नाही. शकुननं मान्य केलं. रोज सकाळी फुलं तोडून झाली की अर्धा तास वर, घोटा फिरवणं, टाच टेकवणं, आणि शेवटी एक हात खाली. दिवाळीत गोदाबाई काठी घेऊन मळ्यात गेली, संक्रांतीला काठी विसरून गेली. पण गल्लीनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण पत्र अजून पत्रच होतं.

तर परीक्षा. या वेळी गुडघा आखडलेली बाई होती. शकुननं पावलापासून सुरुवात केली, पोटरी, गुडघा, मांडी, सगळं वरच्या दिशेनं, दाब सारखा. मग गुडघा वाकवायला लावला, आणि तोही स्वतः न वाकवता बाईकडून वाकवून घेतला. डॉक्टरांनी एकदा मान हलवली. मी मनात म्हटलं, झालं हिचं काम.

आणि अगदी शेवटी तिनं मांडीपासून बोटांपर्यंत एक लांब हात खाली ओढला आणि जमिनीकडे झटकला. कित्येक महिन्यांची सवय. तिचं तिलाच कळलं आणि तिनं हात मागे घेतला.

डॉक्टर म्हणाले, "पुन्हा तेच? वर्ष कशात घालवलंत?"

शकुनचा चेहरा उतरला, पण ती बोलली. "हे पायासाठी नाई, साहेब. पायाचं आदी केलं. हे बाईसाठी हाय. वर नेलेलं तिच्या मनात बसून राह्यते. एक हात खाली देला का तिले वाटते, गेलं."

डॉक्टरांनी खाटेवरच्या बाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "खरं हाय. आत्ता हलकं वाटून राह्यलं."

तेवढ्यात बाकावरची गोदाबाई, कुणी बोलावलं नसताना, सरळ वॉर्डात चालत आली. "ते माह्यापायी शिकली ते. मीच हट्ट धरला व्हता. तिचा गुन्हा नाई." तिनं लुगडं वीतभर वर केलं आणि घोटा दाखवला.

डॉक्टर खाली बसले. घोटा सगळीकडून फिरवून पाहिला, तिला टाचांवर उभं केलं, चवड्यांवर उभं केलं. "प्लास्टर कधी काढलं? नंतर कुणी बघितलं?"

"हिनंच. दुसरं कोन?"

ते उठले, हात पुसले आणि मला म्हणाले, "लिहा. घेतलं." दारापर्यंत जाऊन वळले. "तो शेवटचा हात वर्गात द्यायचा नाही, बाई. पण मी वॉर्डात असतोच असं नाही."

पुढे शकुन नऊ महिने शिकली आणि अकोल्याच्या एका दवाखान्यात पंचवीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाली. सांगण्यासारखं त्यात फार नाही. सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. मंजुरीचा कागद भरायला मी बसलो. त्यातही एक रकाना होता, पूर्वशिक्षण, आणि त्यालाही तीन ओळी. डॉक्टरांनी त्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. रिवाजाप्रमाणे तिथे "मराठी चौथी" लिहून भागलं असतं. मी ते लिहिलं आणि पुढे माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात जोडलं : "मालिशीचे शिक्षण गोदाबाई, जुने शहर, अकोला, यांच्याकडे, सात वर्षे." डॉक्टरांनी सही केली. वाचलं नाही.

तो कागद उत्तमराव मास्तरांनी त्याच ओट्यावर बसून वाचला म्हणे. गोदाबाईनं तो पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाली, "वरचं राहू द्या मास्तर. माह्या नावापासून वाचा. अन् जरा मोठ्यानं."