गच्ची तापण्याचं कारण

मे महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा वाजता, सोसायटीचं पार्किंग. हजर: अध्यक्ष (पहिला मजला, त्र्यंबकला पूजासाहित्याचं दुकान), सुपरवायझर (दुसरा मजला, अंबडच्या कारखान्यात), सर (तिसरा मजला, भूगोल शिकवून निवृत्त), काकू (चौथा मजला), मी, म्हणजे सेक्रेटरी, आणि आणखी सहा घरांतून एकेक जण. या सहा जणांनी सभाभर हात वर करण्यापलीकडे काही केलं नाही. एकूण अकरा. गैरहजर: काकूंचे यजमान. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, गेल्या दिवाळीत पडून कंबर मोडलेली, तेव्हापासून अंथरुणावर. सभा त्यांच्यासाठीच होती.

काकूंचं मागणं एका ओळीचं होतं: त्यांच्या घरावरच्या गच्चीला पांढरा रंग मारून द्यावा. चौथा मजला म्हणजे शेवटचा. दुपारी पंख्याखाली काका भट्टीत ठेवल्यासारखे पडून असत. पुण्याची मुलगी रोज फोनवर म्हणत होती, शनिवारी गाडी घेऊन येते, दोघांना नेते.

"आणि ह्यांना एकदा इथनं उचललं ना ताई," काकू मला म्हणाल्या होत्या, "की परत नाय यायचे ते. तिकडं भिंतीकडं तोंड करून पडतील."

इतकं साधं काम सभेपर्यंत गेलं ते माझ्यामुळे. तीन वर्षांपूर्वी गळतीवरून सोसायटीत दोन पावसाळे भांडण चाललं, तेव्हा मी तक्रारीचा छापील अर्ज तयार केला. रकाने चार: ठिकाण, तक्रार, कारण, जबाबदार कोण. नियमही मीच लिहिला: कारण सभासदाकडचं असेल तर काम त्याने करायचं, सोसायटीकडचं असेल तर सोसायटीने, आणि त्यावर हजर लोकांपैकी निम्म्याहून जास्त हात वर झाल्याशिवाय कामाला सुरुवात नाही. नियम उत्तम चालला. भांडणं थांबली. काकूंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, "ऊन." जबाबदार कोण, हा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

मी अर्ज परत पाठवायला नको होता. पण पाठवला. मग त्यांनी कोऱ्या रकान्यात लिहिलं, "वातावरण बदललं." तिथून सगळं बिनसलं.

अध्यक्षांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला. "वातावरण बदललं. बरं. कुणी बदललं?"

"माणसानं," सुपरवायझर म्हणाले. "धूर, गाड्या, कोळसा. आणि कोण?"

"अरे बाबा, पृथ्वी कधी गार असते, कधी गरम असते," सर उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसेच, एक हात मागे. "हिमयुग संपलं तेव्हा कुणाची गाडी होती? तुझी?"

"तेव्हा हजारो वर्षं लागली, सर. आता आपल्या डोळ्यांदेखत होतंय."

"मग तुझ्याच कारखान्याला पत्र लिहू या. आमच्या काकूंची गच्ची तुमच्या धुराड्यांमुळे तापली, कृपया रंग पाठवा."

"लिहा ना! पण तुमच्या एसीचा बाहेरचा डबा माझ्या खिडकीत गरम हवा सोडतो, त्याचंही पत्र लिहा. ते कुठल्या हिमयुगातलं?"

अध्यक्षांनी टेबल वाजवलं. त्यांचा मुद्दा नियमाला धरून होता. निसर्गामुळे झालं असेल तर सोसायटीचा संबंध नाही, काकूंनी आपलं पाहावं. पण गच्ची सामाईक, तिथे सभासदाला हात लावता येत नाही, म्हणजे काकूंनाही काही करता येणार नाही. माणसामुळे झालं असेल तर सोसायटीत राहणारी सगळी माणसंच आहेत, तेव्हा काम सोसायटीचं. "म्हणजे आधी हा प्रश्न निकालात काढावा लागेल," ते म्हणाले, "की तापमानवाढीला माणूस जबाबदार आहे की नाही. ताई, मतदान लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. वहीत दोन रकाने आखले: माणूस, निसर्ग.

"आणि देव?" अध्यक्ष म्हणाले. "कलियुगात सूर्य तापणारच आहे, हे काही आजचं नाही."

मी तिसरा रकाना आखला.

मधेच काकू म्हणाल्या, "गच्चीवर गळतीसाठी तो काळा पत्रा अंथरला ना, तवापासून जास्त तापतंय. आधी इतकं नव्हतं."

कुणीतरी याचं काहीतरी करायला हवं होतं. तो डांबरी पत्रा याच सभेने, याच टेबलावर, एकमताने मंजूर केला होता. पण सर म्हणाले, "काकू, तो स्थानिक मुद्दा झाला. आपण पृथ्वीबद्दल बोलतोय." आणि सुपरवायझरांनी त्या दिवसात पहिल्यांदाच सरांकडे पाहून मान हलवली.

काकू उठून वर गेल्या. दर अर्ध्या तासाने काकांच्या अंगावरची चादर ओली करून द्यावी लागे.

त्या वर असताना हात मोजले. माणूस: पाच, त्यात माझा. शास्त्रज्ञ तसं सांगतात आणि मला ते पटतं. निसर्ग: चार. देव: एक. अकरा हजर, सहा हात हवे होते. काकू जिन्यावरून उतरत म्हणाल्या, "झालं का? मी कुठं हात वर करू?"

मी म्हणाले, "काकू, मतदान बंद झालं."

हे वाक्य माझंच. वहीतही आहे. अध्यक्षांनी विषय वार्षिक सभेपर्यंत तहकूब केला, म्हणजे सप्टेंबरपर्यंत. अध्यक्ष दुकानात गेले. सर आणि सुपरवायझर गेटपाशी पाऊण तास हिमयुगावर बोलत उभे राहिले.

मंगळवारी सकाळी सहाला मी गच्चीचं कुलूप काढलं. पाण्याच्या टाकीला मारलेल्या पांढऱ्या रंगाचा एक डबा जिन्याखाली उरला होता. ठराव नव्हता. मी पत्र्यावरची धूळ झाडत होते तेवढ्यात सुपरवायझर रोलर घेऊन आले. माझ्या हातातला डबा त्यांनी जिन्यात पाहिला होता. पाठोपाठ सर आले, डोक्याला पंचा बांधून.

"मी मत बदललेलं नाही," सरांनी आधीच सांगितलं. "निसर्गाने केलं तरी माणसाने रंग लावायला हरकत नाही."

"लावा, लावा. पण कडा सोडू नका, सर. कडेलाच जास्त तापतं."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही, तुमच्या पायाखाली सुटलंय ते दाखवतोय."

आठ वाजेपर्यंत डबा संपला. काकांच्या खोलीवरचा भाग झाला, रंगाचे दोन हात देऊन. सरांच्या धोतरावर रंग, सुपरवायझरांच्या मिशीवर रंग, आणि दोघांचं औद्योगिक क्रांतीपर्यंत आलेलं भांडण अर्धवट.

गुरुवारी दुपारी मी काकांना पाहायला गेले. ते म्हणाले, "आता पंख्याचा वारा वाऱ्यासारखा लागतो." ते एक वाक्य मला दोन दिवस पुरलं.

शनिवारी मुलगी गाडी घेऊन आली. बाबा झोपलेले पाहून खुर्चीत बसली, त्यांचे कपडे भरायला आणलेली बॅग उघडली नाही. मग स्वयंपाकघरातून काकू चहा घेऊन आल्या. पदर घामाने भिजलेला, चेहरा लाल, आणि दारापाशी त्यांना चौकटीचा आधार घ्यावा लागला. मुलीने कप त्यांच्या हातातून काढून घेतला.

"बाबा राहू देत इथे," ती मला म्हणाली. "पण आईचं काय? मी पुढच्या शनिवारी परत येते."

स्वयंपाकघरावरची गच्ची अजून काळी आहे. साधारण बारा फूट बाय दहा. डबा रिकामा आहे, दुसरा आणायचा आहे.